माझ्या नावाचं कार्ड

घरात आम्ही तेलुगू बोलतो. हसणं, रुसणं, शिव्या, सगळं तेलुगूत. हे मात्र मी मनातल्या मनात मराठीत सांगतेय. अम्माला मराठी कळतं, पण बोलताना ती अडखळते. मला मध्येच कुणी अडवायला नको आहे.

— पानं वाळायला लागली. हात चालव.

तरी अम्मा अडवतेच. मी ऐकलं नाही असं दाखवते.

*

माझं नाव राजमणी. साखर पेठेच्या मागच्या गल्लीत आमची एक खोली. नायना, म्हणजे माझे वडील, पॉवरलूमवर चादरी विणतात. अम्मा विड्या वळते. आमच्या गल्लीत विड्या न वळणारी बाई म्हणजे एकतर आजारी किंवा बाळंतीण. बाळंतीणसुद्धा फार दिवस नाही.

सकाळी विडी कारखान्याच्या ब्रँचवरून पानं आणि तंबाखू आणायची. पानं भिजवायची, कापायची, सूप मांडीवर घ्यायचं आणि वळत बसायचं. दुसऱ्या दिवशी तयार माल ब्रँचवर द्यायचा. ज्या बाईच्या नावाचं कार्ड, तिच्याच नावावर माल घेतात, तिच्याच हातात पैसे देतात. आणि कार्ड मिळणं सोपं नाही. कुणी म्हातारी वारली, कुणी बिऱ्हाड हलवलं, की एक जागा मोकळी होते. मग मुनीम रेवणप्पाचे हात जी आधी ओले करील तिची ती जागा.

अम्माचं कार्ड आहे. माझं नव्हतं. मी नुसती मदतीला.

दहावीत असताना मी एकदा खूप रडले, कॉलेजला जायचं म्हणून. नायना घरात नव्हते. अम्मानं सूप खाली ठेवलं. ती सूप सहसा खाली ठेवत नाही.

"शिकायचंय ना? मग रडू नको. वळ."

"वळतेच की."

"आणखी वळ. तुझं जास्तीचं मी कमलम्माच्या कार्डावर घालीन. पैसे तिच्याकडंच राहतील. नायनाला कळायचं नाही."

कमलम्मा पिन्नी, म्हणजे मावशी, शेजारची. नजर अधू झालेली, बोटं थरथरायची, त्यामुळं तिचं कार्ड अर्धंमुर्धं रिकामंच असायचं. तिला कार्ड जिवंत ठेवायला माल हवा होता, आम्हाला नायनाच्या नजरेआड जागा हवी होती.

"किती वळू?" मी विचारलं.

अम्मा म्हणाली, "शिकायचं असेल तेवढं."

*

अकरावीचं वर्ष. (याला शाळेत मॅट्रिकचं वर्ष म्हणत. घरी काहीच म्हणत नसत.)

पुस्तक गुडघ्याखाली दाबलेलं. डोळे ओळीवर, बोटं पानावर. पानिपत, तंबाखू. फ्रान्सची राज्यक्रांती, दोरा. क्रियापद, विडीचं तोंड मिटायचं. नागरिकशास्त्राचा एक अख्खा धडा मला आजही सूप हलल्याशिवाय आठवत नाही.

शाळेतल्या वच्छलाबाई माझी वही नाकापासून लांब धरून तपासायच्या. "राजमणी, तुझा निबंध वाचून मला ठसका लागतो," म्हणायच्या. वर्ग हसायचा. मीही हसायची. मला वाटायचं, लागू दे ठसका. या वासातूनच मी कॉलेजच्या दारापर्यंत जाणार आहे.

हाताचं असं असतं की तो थांबत नाही. वळता वळता माझा हात सुधारत गेला. विडी सारखी, घट्ट, तोंड नीट दुमडलेलं. बाईचा हात विडीत ओळखू येतो, अक्षर ओळखू यावं तसा. ब्रँचवर रेवणप्पा माल तपासायचा, वाकडी-सैल विडी बाजूला फेकून द्यायचा आणि तिचे पैसे कापायचा. कमलम्मा पिन्नीच्या कार्डावरची एकही विडी तो फेकत नसे. "म्हातारे, या वयात तुझ्या हाताला काय झालं?" असं विचारायचा आणि माझ्याकडं बघून मिशीत हसायचा. त्याला कळलं होतं. सगळ्या ब्रँचला कळलं होतं.

मला अभिमान वाटायचा. हे लिहून ठेवण्यासारखं आहे: मला अभिमान वाटायचा.

— तंबाखू सांडू नको खाली. सूप ओढ जवळ.

*

नायनाचं सरळ होतं.

"शिकून काय होणार?"

"बी.ए."

"मग?"

"मास्तरीण."

"मास्तरणीला नवरा कुठून आणू? आपल्यात मॅट्रिक झालेला मुलगा दाखव आधी, मग बी.ए.वालीचं बघू. मला पैसे मागायचे नाहीत. आत्ताच सांगून ठेवतो."

हे ते उगादीला म्हणाले, दसऱ्याला म्हणाले, जेवताना रेशनच्या मिलो ज्वारीच्या भाकरीला नावं ठेवता ठेवता म्हणाले. नायनाचं 'नाही' खोलीतल्या खांबासारखं होतं. त्याला वळसा घालून चालायची मला सवय झाली होती. आणि वळसा घालायला अम्मा होती.

*

निकाल. सेकंड क्लास.

अम्मानं गल्लीत साखर वाटली. वच्छलाबाईंनी शाळेत बोलावून सांगितलं, पी.डी. आर्ट्सला, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, नाव घाल, फीची सवलत मिळेल. पण ती मंजूर व्हायला वेळ लागतो. आधी प्रवेशाचे पैसे भरावे लागतील, आणि पुस्तकांचे वेगळे. "सोय आहे ना?"

"आहे बाई," मी म्हणाले. इतक्या ऐटीत मी आयुष्यात काही म्हटलं नव्हतं.

घरी आल्यावर:

"अम्मा, पैसे."

"आहेत."

दुसऱ्या दिवशी:

"अम्मा, अर्ज आणलाय."

"आहेत की. पळून जातायत काय?"

नंतर कधीतरी, चुलीपाशी:

"अम्मा, शेवटची तारीख लावलीय बोर्डावर."

"रेल्वेचा संप झाला ना मे महिन्यात, तेव्हा पानंच आली नाहीत. म्हणून जरा कमी आहेत. होतील. होतील की."

संप झाला होता हे खरं. पानं आली नव्हती हेही खरं. खोटं सांगायचं झालं की अम्मा आजूबाजूला दोन खऱ्या गोष्टी ठेवते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

*

"रविवारी पाहुणे येणारेत."

"कुणाचे?"

"आपलेच."

"मला बघायला?"

"बघायला येतील, बघून जातील. बघितलं म्हणजे लग्न झालं काय? नायनाला बरं वाटू दे. तो खूश असला की कॉलेजचं मी बघते."

मी मान डोलावली. बदल्यात एक रविवार जाणार होता, इतकंच.

*

रविवार, अम्मा गल्लीत सांगते तसा:

पोरगी लाजली बघा. हात थरथरायला लागले तिचे. समोर नवी माणसं. एरवी हिची विडी म्हणजे काय सांगू. पण मुलाची आई सुंदरम्मा मोठ्या मनाची बाई. हसली नुसती. म्हणाली, चालायचंच.

रविवार, झाला तसा:

आमच्यात मुलीला गाणं म्हणायला सांगत नाहीत. पोहे कुणी केले हेही विचारत नाहीत. मुलीच्या मांडीवर सूप देतात. कापलेली पानं, तंबाखू, दोरा. मुलाची आई समोर बसून बघते. मुलगा नायनांच्या बरोबर बाहेर ओट्यावर. तो सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगमध्ये कामाला होता. त्याचा चेहरा मी अजून नीट बघितलेला नाही.

मी ठरवलं होतं, वाईट वळायचं.

वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं. बोटं आपोआप घट्ट होत. त्यांना सोडवावं लागत होतं. स्वतःचं नाव मुद्दाम चुकवून लिहावं तसं होतं ते. पहिली विडी पोटात फुगली. दुसरीतून तंबाखू गळला. तिसरीचा दोरा तोंडाशी बांधला. मुलाची आई, सुंदरम्मा, तिनं एक उचलली तर ती तिच्या हातातच उलगडली. मी खाली मान घालून मनात म्हणत होते, जा बाई. ऊठ आणि जा.

सुंदरम्मा हसायला लागली. कमरेची पिशवी सोडली, आतून विड्यांचं एक बंडल काढलं आणि माझ्या सुपात ठेवलं.

"पोरी, ही विडी कुणाची?"

मी बघितलं. माझी.

"संक्रांतीला तुझ्या अम्मानं पहिलं बंडल आणून दिलं होतं. तेव्हापासून दर महिन्याला देते. आमच्या मालकांना आता दुसरी चालतच नाही. मी त्यांना म्हणते, सून यायच्या आधीच सुनेच्या हातचं ओढताय, लाज धरा." मग अम्माकडं वळून, "आणि आज बघ कशी वळते, मला घाबरून."

सगळ्या हसल्या. अम्माही हसली.

"कार्ड झालं ना गं हिच्या नावाचं?"

"झालं की," अम्मा म्हणाली. "वैशाखातच झालं."

"मग देण्याघेण्याचं बोलायलाच नको. कार्ड घेऊन येणारी सून. आणखी काय पाहिजे?"

संक्रांतीला मी सराव परीक्षेचा अभ्यास करत होते. पुस्तक गुडघ्याखाली. प्रत्येक विडी म्हणजे कॉलेजची एक पायरी असं धरून वळत होते. त्यातल्या काही पायऱ्या या बाईचा नवरा जेवल्यावर ओढत होता.

— ऐकतेस का? अंधारून आल्यावर बसणार आहेस का वळत?

*

पाहुणे गेल्यावर मी कमलम्मा पिन्नीकडं गेले. ती डोळ्यात औषध घालून पडली होती.

"पिन्नी, माझे पैसे."

"कुठले गं?"

"माझ्या मालाचे. तुमच्याकडं ठेवलेले."

ती उठून बसली. औषध गालावर ओघळलं.

"माझ्याकडं कुठले? तुझी अम्मा दर शनिवारी घेऊन जायची. पोरीचं कार्ड करायचंय, रेवणप्पाला एकदम द्यावे लागतात म्हणाली." गाल पुसत म्हणाली, "तुला माहीत नव्हतं होय?"

ती अंदाजानं माझ्या दिशेला बघत राहिली.

*

(मी आणि अम्मा. दार लावलेलं.)

"कॉलेजचे पैसे तू रेवणप्पाला दिलेस."

"तुझ्यासाठीच दिले. मी साडी घेतली काय माझ्यासाठी?"

"मी शिकण्यासाठी वळत होते."

"शीक की. कोण नको म्हणतंय? कॉलेजात दरवर्षी भरा, पुस्तकं घ्या, परीक्षा द्या, नापास झालात तर परत भरा. कार्डाला एकदा दिले की झालं. जन्मभर देतं ते. नवऱ्यानं दिलं नाही तरी देतं. तुझ्या नायनाचा माग बंद होता तेव्हा आपण काय खाल्लं? आठवतंय? माझं कार्ड खाल्लं."

"मग तसं सांगायचं होतंस."

"काय?"

"की पैसे कॉलेजचे नाहीत. कार्डाचे आहेत."

अम्मानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. एखाद्या लहान मुलीला उत्तर समजावून सांगावं तसं म्हणाली,

"सांगितलं असतं तर तू एवढं वळली असतीस?"

*

काही प्रश्न, जे मी विचारले नाहीत:

दहावीत तू सूप खाली ठेवलंस, तेव्हाच ठरवलं होतंस का?

की नंतर, माझा हात बसल्यावर?

माझ्या चिमणीत रॉकेल घालताना, अभ्यास कर म्हणताना, तू मनात काय म्हणत होतीस?

साखर कशाची वाटलीस?

*

ब्रँचवर रेवणप्पा पानांच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसला होता. हा अक्कलकोटकडचा. कानडी, मराठी, आमची तेलुगू, सगळं एकाच वाक्यात बोलतो.

"या, नवरीबाई. ठरलं म्हणं?"

"कार्ड परत घ्या," मी म्हणाले. "पैसे परत द्या."

"का? विडी आवडंना झाली व्हय?"

"कॉलेजात भरायचेत. उद्या शेवटची तारीख आहे."

तो मला हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. डोकं खाजवलं.

"घेतो की. मला काय, हितं दारात बायका हुब्या हायेत. तुजं कार्ड आजच दुसरीला दिलं तर तुजे तुला मिळतील, माजंबी चार पैशे सुटतील. ये. हितं सही कर."

रजिस्टर त्यानं माझ्यापुढं सरकवलं. मी सही केली. मराठीत केली, मग खाली इंग्रजीतही केली. त्याला दिसावं म्हणून.

त्यानं मागचं एक पान उलटलं, पुन्हा पुढचं बघितलं.

"ह्ये न्हाय चालायचं."

"का?"

"मूळ नोंदीवर अंगठा हाय. सही न्हाय."

"कुणाचा अंगठा?"

"तुजाच की. राजमणी नरसय्या. वय अठरा. निरक्षर."

मी पान माझ्याकडं ओढलं. माझं नाव. नावापुढं निळा अंगठा. रुंद, मधोमध चिरलेला. पानं कापून कापून पडलेली चीर. मी तो अंगठा रोज बघते. पिठात बघते, कुंकवात बघते.

"मी मॅट्रिक झालेय," मी म्हणाले.

"असशील की. मला कसं कळावं? तुजी आई आली, म्हणली पोरीला ताप आलाय, तिच्या नावानं मीच देते. दिला." त्याचा आवाज जरा खाली आला. "बघ, ज्या अंगठ्यानं उगडलं त्यानंच बंद करावं लागतंय. वरचे सायेब ताडून बघत्यात. आईला घिऊन ये. उद्या दुपारच्या आत ये, मी देतो पैशे. लबाडी न्हाय करणार."

त्यानं ती केली नसती असं मला अजूनही वाटतं.

*

येताना मी नायनांच्या कारखान्यात गेले. मागांच्या खडखडाटात ओरडून बोलावं लागतं. त्यांनी माग थांबवला नाही, फक्त कान माझ्याकडं केला.

"अम्माला सांगा," मी ओरडले. "अंगठा द्यायला सांगा."

सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "कार्ड झाल्याचं मला पण रविवारीच कळलं."

"मग?"

"चांगलं केलं तिनं. मला जमलं नसतं."

धोटा चार वेळा गेला-आला. मग ते आपणहून पुन्हा बोलले.

"मी तुला नाही म्हटलं होतं. तोंडावर म्हटलं होतं."

"हो."

"तेवढं तरी लक्षात ठेव."

त्यांचं खरं होतं. ज्यांच्यावर मी दोन वर्षं राग धरला त्यांनी मला फसवलं नव्हतं. हे कळून मला आणखीच एकटं वाटलं.

*

आज सकाळी.

अम्मानं पानं भिजवली. माझी वेगळी, तिची वेगळी. माझ्या नावाची पहिली पानं ती काल घेऊन आलीय. कार्डावर तीन महिन्यांत माल गेला नाही तर ते बंद पडतं.

"अम्मा, ब्रँचवर चल."

तिनं कशाला म्हणून विचारलं नाही. म्हणजे गल्लीतून तिच्यापर्यंत सगळं पोचलं होतं.

"पानं भिजलीत," ती म्हणाली.

"लगेच परत येऊ."

"लग्न झाल्यावर शीक. सुंदरम्मा चांगली बाई आहे. मी तिला सांगीन."

"तू सांगशील?"

तिनं एक पान उचलून पाणी झटकलं.

मी तिच्यासमोर बसले आणि तिचा उजवा हात धरला. तंबाखूनं पिवळा पडलेला, नखाची कड फाटलेली. तिनं तो सोडवून घेतला नाही. हात माझ्या हातात तसाच ठेवला आणि म्हणाली,

"ओढून नेतेस? ने. मी ओरडणार नाही."

मला नेता आलं असतं. मी तिच्यापेक्षा उंच आहे, आणि ती सकाळपासून उपाशी होती. गल्लीनं बघितलं असतं, मुलगी आईला हाताला धरून ओढत नेतेय. रेवणप्पानं अंगठ्याला शाई लावली असती. दुपारच्या आत मी कॉलेजच्या खिडकीशी उभी असते.

मी तशीच बसून राहिले, तिचा हात धरून. तिनं उठावं म्हणून. एकदा, आपल्या पायांनी. रडत उठली असती तरी चाललं असतं, मला शिव्या देत उठली असती तरी.

तिनं अंगठा आत दुमडला आणि वरून मूठ मिटली.

मी हात सोडला.

*

दुपार होऊन गेली. कॉलेजच्या ऑफिसची खिडकी बंद झाली असेल. बोर्डावरची यादी उद्या लागेल. वच्छलाबाई ती वाचतील की नाही, मला माहीत नाही.

— हात चालव गं. पहिलाच माल आहे तुझा. रेवणप्पा काय म्हणेल?

सूप माझ्या मांडीवर आहे. तिनंच ठेवलंय. पानांचे कोपरे वर वळायला लागलेत.

ती तिचं काम संपवते. बंडलं बांधून कोपऱ्यात लावते. पदरानं मान पुसते. मग थोडी पुढं सरकते आणि माझ्या मांडीवरचं सूप उचलून स्वतःच्या मांडीवर घेते. माझ्या नावाची पहिली विडी वळते. दुसरी वळते. तिची पाठ दुखतेय हे मला दिसतं. रोज या वेळी मी तिच्या पाठीमागं उशी लावते.

मी बसूनच राहते.